बोट डावीकडे ओढते

काम तसं साधं होतं. बोट डावीकडे ओढते, एवढीच तक्रार. ऑटोपायलटला दिशा देऊन चाक सोडलं, की थोडा वेळ ती शहाण्यासारखी सरळ जायची आणि मग हळूच, कोणी हाक मारल्यासारखी, डावीकडे वळायची.

ऑटोपायलट दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला बंदरावर सगळे पाठीमागे शंकासुर म्हणत. घट्ट केलेला स्क्रू तो पुन्हा सोडवून बघायचा आणि घरी गेल्यावर त्याच स्क्रूपायी त्याची झोप उडायची. या बोटीचा मालक त्याचा जुना मित्र. गेल्या वर्षी भर दुपारी बोट ऑटोपायलटवर टाकून तो मागच्या टोकाशी गेला आणि तोल जाऊन पाण्यात पडला. कमरेला दोर बांधायचा त्याला नेहमीचाच कंटाळा. बोट मात्र यंत्राच्या हुकमात, तसूभरही न ढळता, पुढे निघून गेली. ती सापडली, रिकामी. तो सापडलाच नाही.

आणि आता त्याचा मुलगा तीच बोट घेऊन उद्या एकटा लांबच्या सफरीला निघणार होता.

"माझं कुठे ऐकतोय तो, भाऊजी," मित्राची बायको म्हणाली होती. "तुमचं ऐकेन म्हणालाय. तुम्ही हो म्हणालात तर जाईल, नाही म्हणालात तर राहील."

म्हणजे सगळं ओझं शंकासुराच्या डोक्यावर.

दुपारी म्हातारा, मुलगा आणि वहिनी असे तिघे बंदराबाहेर पडले. वारा नव्हता. पाणी तेलासारखं जड झालं होतं आणि त्यावर धुकं उतरत होतं. ओल्या दोरांचा आणि डिझेलचा वास जागच्या जागी थिजला होता.

"होकायंत्राच्या डबीजवळ लोखंडाचं काही ठेवलंयस?" आतल्या बाकाखाली डोकं घालून म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही, काका."

"नीट आठव. एका साहेबानं डबीशेजारी कढई ठेवली होती. बोट महिनाभर कढईच्या तालावर नाचत होती."

मुलगा हसला. "आमच्याकडे कढई आईच्या ताब्यात असते. मला हात लावायची परवानगी नाही."

वहिनी हसल्या नाहीत. त्या डाव्या बाजूच्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या.

वायरी ठीक होत्या. सुकाणूचा कोन सांगणारा काटा ठीक होता. सुकाणू ढकलणारा दांडा कुठे अडकत नव्हता. दोष सापडला असता तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. शेवटचा उपाय म्हणून डबीला दिशा पुन्हा शिकवायचं ठरलं. त्यासाठी बोट सावकाश गोल गोल फिरवायची. यंत्राला समजलं की ते शिट्टी देतं.

बोट फिरत राहिली. शिट्टी वाजेना. आणि वर्तुळ लहान होत चाललं होतं.

"चाक आणखी वळवू नकोस रे."

"मी हलवलेलंच नाही, काका..."

वर्तुळाच्या मधलं पाणी गुळगुळीत होतं. बोटीच्या लाटा तिथवर जात आणि विरून जात.

म्हातारा खाली उतरला, यंत्राची वीज तोडली, सुकाणूला जोडलेला दांडा पाना लावून सोडवला आणि वर आणून फळ्यांवर टाकला. "आता हातानं चालव. सरळ, बंदराकडे."

बोट डावीकडेच वळली.

"अरे, डावीकडे का घेतोयस?"

"सरळच तर चाललोय."

मुलाचेच हात चाक वळवत होते. नजर समोर, धुक्यात. म्हाताऱ्यानं चाक धरलं, पण त्या मनगटांपुढे त्याची मात्रा चालेना. ती मनगटं बर्फासारखी गार होती.

"वहिनी, याला जरा..."

वहिनी उठून मागच्या टोकाशी गेल्या होत्या. "त्या दिवशी ही वळायला हवी होती, भाऊजी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आणि शिडीही वर बांधलेली होती. चढणार कशावरून माणूस?"

त्यांनी शिडीची कडी काढली आणि शिडी पाण्यात सोडली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोटीचं मागचं टोक खाली दबलं. पुन्हा दबलं... एकेक पायरी चढावी तसं.

मुलाचे हात सैल पडले. त्यानं डोळे चोळले. "झालं का, काका? आता सरळ चाललीय की!"

बंदरापर्यंत मागच्या बाकाकडे बघायचं म्हाताऱ्यानं कटाक्षानं टाळलं.

धक्क्यावर तिघेही उतरले. मुलानं दोर बांधले. "मग उद्या निघू ना?"

वहिनी म्हाताऱ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत काय होतं, ते त्याला कळेना. जन्मभर प्रत्येक उत्तराला एखादा 'पण' जोडणारा तो माणूस; या वेळी त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"नाही."

"ठीक आहे," मुलगा हिरमुसून म्हणाला. "नाही तर नाही. घरीच जाऊ मग सगळे."

बोट अजून मागच्या बाजूनं दबलेलीच होती. आता ते टोक हळूहळू वर आलं आणि धक्क्याकडची कड खाली झुकली, कोणी उतरायला काठावर येऊन उभं राहावं तशी.

वहिनींनी आधारासाठी हात पुढे केला.

बोट एकदम हलकी होऊन वर आली.