भिंतीकडे तोंड केलेली गिटार

ऋजुताने तार छेडली आणि डबीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज आला.

वर्षभरापूर्वी हीच गिटार वाजली की अवकाश-वसाहतीचा अख्खा बोगदा भरून जायचा. शेजारचे लोक भिंत ठोठावून आणखी एक गाणं मागायचे. तेव्हा ती आई वाजवायची. नंतर आई आजारी पडली आणि गेली. पण गिटार तर तीच होती. मग तिचा आवाज कुठे गेला?

"राहू दे, ऋजू," बाबा खिडकीशी तरंगत म्हणाले. वसाहत पृथ्वीभोवती फिरत होती. तिथे कुणालाच वजन जाणवत नसे, माणसं आणि सामान सगळंच तरंगायचं. "चार वाजता मालयान सुटतंय. खाली पाठवायच्या सामानात मी ती लिहिली आहे."

"का पण?"

"इथे जागा कमी. बंद पडलेली वस्तू ठेवता येत नाही. खाली तिचं तांबं, लोखंड वेगळं काढतील. कुणाच्या तरी कामी येईल."

"बंद कुठे आहे? बारीक वाजते."

"बारीक वाजण्यापेक्षा बंद बरी," बाबा म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. हल्ली ते एवढंच करायचे. पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर आठ तास आणि उरलेला वेळ खिडकी.

एक वाजला होता. ऋजुताने दुरुस्तीच्या यंत्रमानवाला हाक मारली. चार हातांच्या त्या यंत्राला 'खटपट्या' हे नाव आईनेच दिलं होतं.

"मदत करणार आहेस, की तूही खिडकीबाहेर बघणार?"

"ताई, माझे डोळे पोटावर आहेत. त्यांना समोरचं कामच दिसतं. आधी सांगा, ही गिटार वाजते कशी?"

"तार हलते, आवाज होतो."

"तेवढा आवाज बोगद्यात पोचणार नाही. तारांच्या खाली ही पट्टी दिसते ना? हा पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग). त्यात सहा तारांखाली सहा छोटे चुंबक उभे आहेत. त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आहेत. ती कॉइल (तारेचं गुंडाळं). चुंबकाच्या भोवती चुंबकीय क्षेत्र असतं (जिथवर त्याची ओढ पोचते तो भाग). स्टीलची तार त्या क्षेत्रात थरथरली की क्षेत्रही थरथरतं. आणि कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात वीज तयार होते. अगदी थोडी. तीच वीज वायरमधून ॲम्प्लिफायरमध्ये जाते, मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बनून बाहेर पडते."

"म्हणजे तार, चुंबक, कॉइल आणि वायर. चारातलं एक बिघडलंय."

"शाबास. सोप्यापासून सुरुवात करू."

तारा चांगल्या होत्या, स्टीलच्याच होत्या. पिकअप तारांपासून फार खाली गेला तरी आवाज बारीक होतो, म्हणून ऋजुताने बाजूचे स्क्रू फिरवून तो वर घेतला. आवाज जरासा वाढला, पण माशी माशीच राहिली. वायर बदलली, फरक नाही. ॲम्प्लिफायर शेजारून मागून आणला, फरक नाही. खटपट्याने कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर (विजेला होणारा अडथळा मोजायचं यंत्र) लावला. "सात हजार ओहम. हवं तेवढंच आहे. कॉइल तुटलेली नाही."

अडीच वाजले. ऋजुताला रडू फुटलं. तिथे डोळ्यातलं पाणी गालावर ओघळत नाही, डोळ्यावरच फुगून बसतं. तिने ते बाहीने टिपलं.

"सांगितलं होतं मी," बाबा मागे न वळता म्हणाले. "काही गोष्टी नाही येत परत."

"चारातली एक राहिली आहे, साहेब," खटपट्या म्हणाला. त्याने स्टीलचा एक छोटा वॉशर (मधे भोक असलेली चकती) पिकअपसमोर हवेत सोडला. चांगल्या चुंबकाने तो झटकन ओढून घेतला असता. वॉशर तिथेच, आपल्याच नादात गोल फिरत राहिला.

"चुंबक अशक्त झालेत," ऋजुता हळूच म्हणाली. "पण कशाने?"

"याहून जोरदार चुंबक जवळ राहिला तर होतं असं. गिटार कुठे ठेवली होती?"

आई ती पट्ट्याने बांधून ठेवायची. आता भिंतीवर पट्टा नव्हता. तिथे चार जाड काळे चुंबक होते, बाबा अवजारं चिकटवायला वापरायचे तसले. ऋजुताने बाबांकडे पाहिलं.

बाबा पहिल्यांदाच मागे वळले. मग म्हणाले, "ती समोर दिसली की मला जेवण जायचं नाही. म्हणून तोंड भिंतीकडे करून चिकटवून टाकली. म्हणजे तारा, पिकअप, सगळं थेट त्या चुंबकांवर. सहा महिने." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिचं एवढंच उरलं होतं. तेही मीच घालवलं."

"घालवलं नाही, साहेब," खटपट्या म्हणाला. "चुंबकाच्या आत असंख्य लहान लहान भाग असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक छोटा चुंबकच. शाळेत प्रार्थनेला मुलं एका दिशेला तोंड करून उभी असतात, तसे ते सगळे एकीकडे वळलेले असले की चुंबक जोरदार. तुमच्या काळ्या चुंबकांनी त्यांना आडवं ओढलं, काही इकडे वळले, काही तिकडे. आता ते एकमेकांची ओढ मारतात. पण एकही कमी झालेला नाही. त्यांना पुन्हा एका दिशेला वळवायचं."

"कशाने?" बाबांनी विचारलं.

"त्याच काळ्या चुंबकांनी. या वेळी नीट धरून."

बाबा खिडकीपासून निघाले. त्यांनी तारा उतरवल्या, पिकअप बाहेर काढला. खटपट्याने दोन काळे चुंबक समोरासमोर घट्ट धरले, एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाकडे. "बोटं लांब ठेवा, ताई. हे एकमेकांवर आदळले तर बोटाचा चुरा होईल." बाबांनी लाकडी चिमट्यात पिकअप धरून त्या फटीतून सरळ नेला. मग पुन्हा एकदा.

ऋजुताने वॉशर सोडला. टक् करून तो चिकटला.

"बाबा," ती म्हणाली, "आई पण अशी—"

"नाही, ऋजू." बाबांनी तिला जवळ ओढलं. "आई नाही येणार. हे चुंबकाचं आहे. आईचं तसं नाही."

तिला ते माहीत होतं. तरी विचारायचं होतं.

तारा चढवेपर्यंत पावणेचार झाले. ऋजुताने सगळ्यात जाड तार छेडली. आवाज भिंतींना लागून बोगद्याच्या टोकापर्यंत गेला. बाबांनी डोळे मिटले. तिला वाटलं, आता ते गिटार उचलून मालयानाकडे नेणार.

"आवाज तोच आहे," ते शेवटी म्हणाले. "हात तिचे नाहीत."

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि सामानाच्या यादीतून गिटार पुसली. चार वाजता मालयान सुटल्याचा हलका धक्का बसला.

ऋजुता आईने शिकवलेले चार सूर शोधत होती. दोन सापडले. तारांनी तिच्या बोटांची टोकं लालबुंद केली होती.

"दुखतंय," ती म्हणाली.

बाबांनी तिची बोटं उलटून पाहिली. "घट्टे पडले की दुखायचं थांबतं. महिना लागतो." त्यांनी तिचा हात सोडला. "तुझ्या आईला दीड लागला होता. रोज रडायची."

ऋजुताने बोटांवर फुंकर मारली आणि तिसरा सूर शोधू लागली.