हिरव्या खुर्चीवरचा कवडसा

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पडद्याचं कापड पसंत करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मी हातच जोडते. "नमुना घरी न्या," म्हणते, "ज्या वेळी ऊन छळतं त्याच वेळी खिडकीला धरून बघा, आणि मग मला सांगा." पूर्वेचं ऊन कोवळं असतं, ते झिरझिरीत कापडातून गाळून घेतलं की भागतं. पश्चिमेचं मात्र तिरपं. ते छज्ज्याला जुमानत नाही, सरळ आत येऊन मांडीवर बसतं. त्याला बाहेरच्या अंगाने पांढरं अस्तर लावून परतवावं लागतं. लोकांना वाटतं, पडदा म्हणजे उजेड अडवायचा. अहो, अडवायला भिंत आहे की! पडद्याने उजेडाला वळण लावायचं असतं. हे मी परक्यांना पटवत आले, पण माझ्या सख्ख्या भावाला काही पटवता आलं नाही.

दादा फर्निचरला पॉलिश करायचा. लाकडाचा किंवा कापडाचा रंग उडाला की त्याच्या जिवावर यायचं. त्याच्या बैठकीच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी. तिला त्याने माझ्याकडूनच उजेड पार रोखणाऱ्या ब्लॅकआउट अस्तराचा जाडजूड पडदा शिवून घेतला होता. आणि वहिनीला तर ऊन म्हणजे जीव की प्राण. ती भरतकाम करायची. सुई धरून धरून उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालं होतं. खिडकीपाशी तिची हिरवी खुर्ची. ती पडदा सारायची, हा मागून येऊन लावायचा. "वन्सं, माझं लग्न तुमच्या भावाशी नाही, त्याच्या सोफ्याशी लागलंय," म्हणायची आणि स्वतःच खळखळून हसायची.

आजारपणात शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं. बसल्या जागेवरून म्हणायची, "अहो, जरा सारा ना." हा म्हणायचा, "सारतो, ऊन उतरू दे." आणि ऊन उतरलं की सारायचाही, खोटं कशाला बोलू? पण तोवर बाहेर बघण्यासारखं काय उरायचं?

ती गेल्यानंतर दादाने येणंजाणं सोडलं. फोन केला तर हं, हो, बरं, एवढंच. मग एकदा त्याचा स्वतःहून फोन आला. "अगं, पडद्यातून उजेड येतोय. बघून जा."

मी दुपारीच गेले, कारण गळती बघायची तर उन्हातच बघायला हवी. दार उघडलं आणि चरकले. विटेखाली दबलेलं गवत कसं पांढुरकं होतं, तसा त्याचा चेहरा झाला होता. स्वयंपाकघरात ओट्यावर चहाचे वापरलेले कप, बाकी चूल पेटल्याची काही खूण नाही. बैठकीच्या खोलीत गच्च काळोख. आणि त्या काळोखात हिरव्या खुर्चीवर उन्हाचा एक कवडसा, चांगला खिडकीच्या तावदानाएवढा.

"फट असेल," मी म्हटलं. ब्लॅकआउट शिवताना सुईचं एखादं भोक राहिलं तरी तेवढ्यातून ऊन ठिबकतं. ते शोधायची आमची एक रीत आहे. कवडशात तळहात धरायचा आणि हळूहळू खिडकीकडे न्यायचा. ऊन हातावर पडत राहतं, त्याच्या मागोमाग गेलं की भोक सापडतं.

मी खुर्चीवर हात धरला. हातावर ऊन पडलंच नाही.

हात काळोखातच राहिला आणि हाताखाली खुर्चीचं हिरवं कापड लख्ख उजळलेलं. हाताची सावलीही त्यावर नव्हती. मी खुर्चीला हात टेकवला. कापड उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं गरम होतं.

आता काय करणार? घाबरलं की मी काम करते. मी पडद्याच्या कडा भिंतीला टेपने चिकटवल्या, वरची फट बुजवली, शिवणीवरून काळी पट्टी फिरवली. दादा स्टूल धरून उभा होता. मी एकेक फट बुजवत गेले तसा कवडसा विझायचा सोडून आणखी स्वच्छ होत गेला, आणि शेवटची कड दाबून मी खाली उतरले तेव्हा त्याच्यात सावली होती. मानेवर सैल बांधलेला अंबाडा. डावा खांदा थोडा उतरलेला.

"दिसली ना?" दादा म्हणाला. इतक्या दिवसांत त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जीव होता. "मला वाटलं, मला एकट्यालाच दिसते. जितका काळोख तितकी ती नीट दिसते, म्हणून तुला बोलावलं. दिवसभर बसतो मी इथे. बघ हं, मध्येच हात उचलते. मला बोलावते."

सावलीने हात उचलला. हात हवेत एका बाजूला गेला आणि खाली पडला.

वहिनीची भीती वाटावी याचीच मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी दादावर भडकले. "तुला काही लाज? ती होती तोवर उन्हाचा कण दिला नाहीस तिला, आता गेल्यावरही काळोखात बसवलंस? सार तो पडदा!"

"सारला तर ती जाईल गं."

"आणि नाही सारलास तर तू जाशील. जेवलास कधी शेवटचा?"

तो खिडकीशी गेला, टेप ओरबाडून काढली आणि त्याने स्वतःच्या हाताने पडदा सारला. पश्चिमेचं सगळं ऊन भसकन आत आलं, सोफ्यावर, भिंतीवर, धुळीवर. खुर्ची रिकामी होती. दादा तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "एवढंसं तर मागत होती. तेव्हा का नाही गं सारला मी?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्या खिडकीला मी पांढरं, उजेड गाळणारं कापड लावून दिलं. जुना पडदा सोबत घेऊन आले. तिथे ठेवला असता तर त्याने पुन्हा टांगला असता. दादा हळूहळू माणसांत आला. सोफ्याचा रंग उडाला, तर म्हणाला, "उडू दे, त्याला कुठे लग्नाला जायचंय?" मला वाटलं, जिंकलं आपण. माझ्यासारखी शहाणी मीच.

आमच्या धंद्यात अस्तर कुणी फेकत नाही. पुढचं कापड विटलं तरी ब्लॅकआउट शाबूत असतं. उसवायचं, धुवायचं, कापून लहान खिडक्यांना आतून लावून द्यायचं. दादाच्या पडद्याचंही तेच झालं. हात सवयीने चालतात, डोक्याला विचारत नाहीत. कुठला तुकडा कुठल्या घरी गेला, आता काही आठवत नाही.

मग एक दिवस दादा दुकानात आला. जरा घुटमळला. "तो जुना पडदा आहे ना गं? लावणार नाही, शपथ. नुसती घडी करून तिच्या खुर्चीवर ठेवीन."

"असेल, बघते," मी म्हटलं. त्याने माझ्या मागच्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि मान हलवून निघून गेला.

त्यानंतर एका नर्सचा फोन आला. रात्रपाळी करून ती दिवसा झोपते, म्हणून तिच्या झोपायच्या खोलीला मी ब्लॅकआउट पडदा शिवला होता. "ताई, तुमचा पडदा गळतो की हो."

दुपारीच गेले. खोली छोटी, खिडकी पश्चिमेची, पडदा नीट बसलेला. उशीशेजारी चादरीवर उन्हाचा एक कवडसा, रुमालाएवढा.

मी हात धरला. हात काळोखातच राहिला.

चादर गरम होती.

"ऊन परवडलं," नर्स जांभई देत म्हणाली, "पण सावली पडते ना मधूनमधून, तिने जाग येते. झाडाची म्हणावी तर बाहेर झाड नाही."

तेवढ्यात ती पडली.

अंबाडा नाही, खांदा नाही. नुसता हात. पहिलं बोट वाकडं.

तो वर आला, हवेत एका बाजूला गेला आणि खाली पडला. पुन्हा वर आला.

"पडदा बाजूला सारतंय कुणीतरी, असं वाटतं ना?" नर्स म्हणाली.

मला बोलावते, असं दादा म्हणाला होता.

मी धावत खिडकीशी गेले आणि पडदा पार टोकापर्यंत सारला. ऊन आत आलं. चादरीवर सगळीकडे सारखा उजेड, हात कुठेच नाही. मी तशीच उभी राहिले. निदान एवढं तरी मिळालं तिला. बाकीची ती कुठे कुठे असेल, कुणाच्या बंद खिडकीमागे, ते माझ्याने मनात आणवेना.

"ताई," नर्स डोळ्यांवर हात धरून म्हणाली. डोळे लाल झाले होते बिचारीचे. "अस्तर उद्या बदला हवं तर. पण रात्रभर उभी होते हो मी. आता झोपू द्या ना. लावा पडदा."

पडद्याची कड अजून माझ्या हातात होती.

"ऊन उतरलं की सारा हं जरा," मी म्हणाले, आणि पडदा लावला.