केझी झोपलीय

जरा पुढे सरकून बसा रे, आणि तो रेडिओ बंद करा. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ही गोष्ट माझ्या आजोबांच्या वेळची नाही. गेल्या नोव्हेंबरातली आहे, आणि ज्याच्यावर गुदरली तो आयव्हर दुकानाच्या याच बाकावर बसून मला सांगून गेला.

आयव्हर म्हणजे आपल्या मार्वाचा नवरा. वेल्सचा गोरा, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात इंजिनियर. माणूस सरळ. सहा वर्षं आपल्या बेटावर काढली, काटे न काढता मासा खायला शिकला, पण दार उघडं दिसलं की आपली माणसं आत येऊन बसतात, हे काही त्याच्या पचनी पडेना. सासू तर रोज संध्याकाळी हजर. मिस ईना. कधी भाजलेलं ब्रेडफ्रूट घेऊन, कधी नुसतीच. आली की या दोघांच्या पोरीला, केझीला, गुडघ्यांत धरून खोबरेल चोपडायची, बारीक वेण्या घालायची. "आपल्या घरात आपण तिघंच कधी जेवणार?" हा विचारायचा. मार्वा म्हणायची, "मग मम्मीला काय उंबऱ्याबाहेर बसवू?"

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मार्वा दवाखान्यात कामावर होती. ईना फाटकाशी आली. आयव्हर व्हरांड्यातूनच म्हणाला, "केझी झोपलीय, मिस ईना. उद्या या."

आत चार वर्षांची केझी चमच्यानं ताट बडवत बेंबीच्या देठापासून गात होती. म्हातारीला ऐकू गेलंच असणार. ती एवढंच म्हणाली, "बरं. झोपू दे लेकराला." आणि आली तशी चढ चढून गेली. त्याच रात्री झोपेत गेली.

हे त्यानं मार्वाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? ती रडून रडून म्हणायची, "मम्मी त्या दिवशी आलीच नाही रे आपल्याकडे. आली असती तर केझीला शेवटचं बघितलं तरी असतं." आणि हा खाली मान घालून तिची पाठ थोपटायचा. 

दफनाच्या दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे नातीला शवपेटीवरून पलीकडे द्यायचं होतं, या हातातून त्या हातात. तसं केलं की गेलेल्या माणसाची माया सुटते, लेकरामागे येत नाही. मार्वाच्या बहिणीनं, ऑर्मानं, हात पुढे केले. यानं पोरीला छातीशी आवळलं. "नको. पोरगी घाबरेल."

खरं तर भ्याला होता तो. पेटीजवळ जायलाच पाय उचलेना. चोराच्या मनात चांदणं! ऑर्मा फणकारली, "तू नको म्हणशील रे गोऱ्या. पण ती ऐकेल का?"

मग आली नोव्हेंबरची पहिली तारीख. शनिवार. सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलं होतं. मार्वा आईच्या कबरीपाशी बसलेली. तिनं याला सांगितलं, "ऑर्माच्या घरून केझीला घे आणि घरी जा. मेणबत्त्या विझल्या की मी येते." बरंच झालं म्हणून हा लगेच निघाला.

साडेआठ झाले असतील. केझी मागच्या सीटवर बसून बडबडत होती. समुद्राकाठच्या कबरस्तानावरून गाडी गेली, तशी तिनं त्या सगळ्या ज्योतींना हात हलवला. दिवे मागे पडले. पुढे काळोखाचा रस्ता.

पोरगी गप्प झाली.

मग म्हणाली, "आई गं."

"काय झालं, केझी?"

"हळू ना, ग्रॅनी... दुखतंय."

आयव्हरनं आरशात पाहिलं. पोरगी मान खाली घालून बसली होती. हनुवटी छातीला टेकलेली. दोन्ही खांदे आत. कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये बसल्यासारखी.

खिडक्या बंद होत्या. खोबरेलाचा वास आला.

"केझी... वर बघ."

"हलू नको म्हणते ती."

गाडी थांबली. यानं थांबवली की आपोआप थांबली, ते त्याला आठवत नाही. मागे वळायची छाती झाली नाही. आरशात पोरीचं डोकं डावीकडे कललं. मग आणखी थोडं... कुणी हातानं कलवावं तसं. आणि कंगव्याचा आवाज. सर्र... सर्र...

माफी मागायची होती रे त्याला! कित्येक रात्री जागून शब्द जुळवले होते. तोंड उघडलं. आणि भीतीनं तोंडातून निघालं काय?

"केझी झोपलीय, मिस ईना... उद्या या."

कंगवा थांबला.

...

मागून कुणी उतरलं की गाडी जराशी उचलते ना? तशी उचलली. दार वाजलं नाही.

"डॅडी," केझी म्हणाली, "मी तर जागी आहे."

"ती... काही म्हणाली?"

"बरं, म्हणाली."

मार्वा घरी आली तेव्हा हा पोरीला मांडीवर घेऊन दिव्याखाली बसला होता. पोरगी आता खरंच झोपली होती. मार्वानं तिचं डोकं पाहिलं. उजवीकडे बारीक, घट्ट वेण्या, भांग दोरी लावून पाडल्यासारखे सरळ. डावीकडे नुसते मोकळे केस. ऑर्माला फोन केला. ती म्हणाली, "मी तर सगळे वर घेऊन एकच रिबीन बांधली होती."

मार्वानं वेण्यांवरून बोट फिरवलं. घाबरली नाही ती. तिचे डोळे भरून आले. "हा मम्मीचा हात आहे," म्हणाली. मग तिनं वर पाहिलं.

"मम्मीनं जन्मात कुणाचं डोकं अर्धं सोडलं नाही. तिला मधेच कुणी उठवलं, आयव्हर?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. फाटकातलंही आणि गाडीतलंही. मार्वा पुढे झाली. पोरीला त्याच्या मांडीवरून उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

सकाळी ती पोरीला घेऊन पाव न्यायला माझ्याकडे आली. मी या डोळ्यांनी पाहिलं. डावीकडचे केस अजून तसेच मोकळे, आणि डोक्याच्या मधोमध, म्हातारी थांबली होती तिथली, शेवटची वेणी होती. कानापर्यंत घट्ट विणलेली, आणि तिथून पुढे तिन्ही पेड सुटे.