सत्तावीस आयांची चिमी

या देशात आसरा मागणाऱ्याचे कागद कोणी बघत नाही, डोके बघतात. खरी आठवण जागी झाली की मेंदूतली वासाची जागाही जागी होते. ही जाग टिपणारे यंत्र म्हणजे गंधमापक. वासाशिवायची आठवण म्हणजे पाठ केलेली गोष्ट, अर्ज नामंजूर.

हौसा तांडेलचे गाव खरेच समुद्राने गिळले होते. तरी ती दलाल विन्यादादाकडे गेली. "तुझी आठवण यंत्रात फिकी पडेल, माझी टोचून घे," तो म्हणाला. त्याच्याकडे सुईवाटे मेंदूत सोडायच्या तयार आठवणी होत्या, वासासकट. तो कोळ्यांची बोली बोलायचा, कुळ विचारायचा. म्हणजे आपलाच माणूस! कुंपणच शेत खाईल हे तिला कुठून कळणार? तिने टोचून घेतली, वर छावणीतल्या सव्वीस जणींनाही हाताला धरून नेले. टोचल्यावर उसनी आठवण कुठली नि आपली कुठली, हे बाईला स्वतःलाही ओळखू येत नसे. आठवण कुणाला सांगायची नाही, ही त्याची अट.

आता समोर गंधमापकाच्या डॉक्टर, वैदेही रेगे, बसल्या होत्या.

"हौसाबाई, चिमी कशी गेली?"

हौसाचे डोळे भरले. "पुनवेच्या आदल्या दिशी बापासंगं होरीवर गेली. तुफान आलं. तिच्या केसांचा खोबरेलाचा वास अजून येतो, बाय."

"कुठली पुनव?"

"नारली..."

ती थबकली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात? तिच्या सात पिढ्यांत कोणी घातली नव्हती. वर्षभर ती या पोरीसाठी रडली, आणि कोळ्याची लेक असून हे ध्यानात येऊ नये? धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले.

"मना लेक नव्हतीच?"

"नव्हती. सत्तावीस जणींच्या डोक्यात हीच चिमी आहे, म्हणून तर संशय आला." डॉक्टरांचा आवाज मऊ होता. "फसवलेल्यांना कायदा सांभाळतो. तक्रार करा. आम्ही चिमीची आठवण पुसून टाकू आणि तुमच्या खऱ्या आठवणीवर पुन्हा अर्ज घेऊ. नाहीतर परत पाठवतील. बाहेरच्या बायकांना तुम्हीच समजवा, त्या तुमचं ऐकतील."

"मागल्या खेपेलाबी माझंच ऐकलं त्यांनी," हौसा मान खाली घालून म्हणाली.

बाहेर बाकावर त्या सव्वीस जणींतल्या शेवंतीने सरकून तिला जागा दिली. शेवंतीच्या मांडीवर एक नारळ होता.

"आज पुनव ना गो," ती कानाशी म्हणाली. "तुला म्हून सांगते. माझी एक लेक होती. चिमी."

हौसाला खोबरेलाचा वास आला. तिची नजर वर होईना. तिने शेवंतीचा हात धरला.

"चल गो आत," ती म्हणाली. "काय होत नाय."

विन्यादादाच्या दारातही तिने हेच सांगितले होते.