कागदाकडे न पाहता

रविवारी दुपारी जेवण आटोपल्यावर श्रेणिक उपाध्ये कागद आणण्यासाठी बाहेर पडले. मिरजकर तिकटीजवळच्या एका दुकानात त्यांना हवा तसा जाडसर, किंचित पिवळट कागद मिळत असे. त्याला तीन घड्या आणि मधोमध एक चीर दिली की आठ पानांची, तळहातावर मावणारी पुस्तिका तयार होते. अशा एका पुस्तिकेत ते एका संगीत नाटकाच्या प्रयोगाची चित्रकथा काढीत. तान घेताना कपाळावर चढलेल्या भुवया, विंगेत बशीतून चहा पिणारा राजा, मृत्यूनंतर डास मारणारा सेनापती, असे सारे त्यात येई. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. परंतु मंगळवार पेठेत त्यांना सर्व जण ओळखत ते नाटकाची चित्रे काढणारे मास्तर म्हणून.

त्यांची काम करण्याची पद्धत एकच होती आणि तीस वर्षांत त्यांनी ती मोडली नव्हती. प्रेक्षागृहात अंधार असतो. म्हणून नजर रंगमंचावर ठेवायची, हात वहीवर ठेवायचा आणि कागदाकडे मुळीच पाहायचे नाही. डोळ्यांना जे दिसते ते हाताने परस्पर लिहून घ्यावे, इतके सोपे. घरी आल्यावर, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून, हात स्वच्छ धुऊन, मगच दिव्याखाली वही उघडायची. आपण काय काढले ते मास्तरांना तेव्हा प्रथम कळे.

या पद्धतीने त्यांनी पेठेतल्या नाट्यमंडळातील प्रत्येक माणूस काढला होता. फक्त पूर्णिमाबाईंना काढले नव्हते.

पूर्णिमाबाई त्यांच्या पत्नी. मंडळाच्या एका जुन्या नाटकात राजकन्येची भूमिका त्यांनी सलग एकोणीस वर्षे केली. त्या रंगमंचावर आल्या की मास्तरांचा हात थांबे. पेन्सिल मांडीवर पडून राही आणि माणूस नुसता पाहत बसे.

"पडदा ओढणाऱ्यालासुद्धा काढलंत तुम्ही," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "मीच काय घोडं मारलंय?"

"तू आलीस की हात चालत नाही."

"मग हाताला सांगा, अजून थोडी वर्षं मी येणार आहे. सवडीनं चालू दे."

मास्तरांनीही सवडीनेच घेतले. मागच्या मार्गशीर्षात पूर्णिमाबाई गेल्या. त्याला अकरा महिने झाले, आणि आता त्यांचा चेहरा मास्तरांच्या हातून निसटू लागला होता. भिंतीवर फोटो होता, नाही असे नाही. पण फोटो पाहिला की केवळ फोटोच आठवे. हसण्याआधी ओठांच्या कोपऱ्याशी जे काही होई, ते त्यात नव्हते. रात्रंदिवस मास्तर तेवढ्यासाठी झुरत होते.

वर्षश्राद्धासारखे काही त्यांच्या जैन घरात करत नाहीत. म्हणून मंडळाने तिथीच्या दिवशी तेच नाटक करावयाचे ठरवले. राजकन्येचे काम वर्षाराणीकडे आले. ही बावीस वर्षांची मुलगी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर पाळी करत. सहा वर्षे ती दर रविवारी पहिली एस.टी. पकडून पूर्णिमाबाईंकडे गाणे शिकायला येई. घशाखेरीज तिच्याजवळ दुसरी इस्टेट नव्हती. प्रयोगाच्या दिवशी वाटण्याची चित्रपुस्तिका मास्तरांनी काढावी असे ठरले, आणि कागद घेऊन ते त्या रविवारी तालमीला गेले ते त्याचसाठी.

मंडळाचे सभागृह जुने आहे. बाहेर कितीही ऊन असले तरी आत अंधारच असतो. पेट्यांतल्या भरजरी कपड्यांचा, डांबरगोळ्यांचा आणि ऑर्गनच्या भात्याच्या चामड्याचा असा एक संमिश्र वास तेथे कोंडलेला असतो. मास्तर नेहमीप्रमाणे एकटेच प्रेक्षागृहात बसले. तिसऱ्या अंकातील बागेश्रीचे पद सुरू झाले. त्यांचा हात सुरळीत चालला. वर्षाराणीसाठी तो थांबण्याचे कारणच नव्हते.

घरी जेवण झाल्यावर त्यांनी वही उघडली. मुलगी उत्तम उतरली होती. परंतु डाव्या विंगेत आणखी एक स्त्री होती. पाठमोरी. तिने उजव्या हाताने डाव्या खांद्यावरचा पदर मुठीत धरला होता, भार डाव्या पायावर होता आणि उजवी टाच जमिनीपासून किंचित सुटलेली होती.

रंगमंचावर जाण्यापूर्वी पूर्णिमाबाई अशाच उभ्या राहत.

मास्तरांना भीती वाटली नाही, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांनी त्या पाठीवरून बोट फिरवले आणि दिवा न मालवता तसेच बसून राहिले. अकरा महिन्यांनी घरात कुणी आल्यासारखे वाटले.

पुढच्या रविवारी त्यांनी अल्ताफला विचारले. अल्ताफ ऑर्गन वाजवी. बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा त्याचा घरचा व्यवसाय, आणि मास्तरांशी चाळीस वर्षांची मैत्री.

"गेल्या खेपेला डाव्या विंगेत कोण उभे होते रे?"

"डाव्या विंगेत माझा ऑर्गन हाय, मास्तर. तितं मी आन् माझं दुखरं गुडघं. तिसऱ्याला जागा कुठनं आणायची?"

"एखादी बाई?"

अल्ताफने भाता पुसण्याचे फडके खाली ठेवले. "आमची हुस्ना आली असंल म्हणता? ती लग्नात बी माझ्या शेजारी उभी ऱ्हायली न्हाय." तो हसला, पण मास्तर हसले नाहीत, तेव्हा तोही थांबला.

त्या दिवशी पदाला प्रारंभ झाला आणि अंतऱ्यात, वरच्या षड्जापाशी, वर्षाराणीचा आवाज चिरकला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेथेच चिरकला. मास्तरांना ज्येष्ठमधाचा वास आला, अगदी मंद, पदापूर्वी पूर्णिमाबाई काडी चावत तेव्हा येई तसा. त्यांची नजर मुलीवर होती आणि हात आपल्या मनाने चालला होता, नेहमीपेक्षा वेगाने.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली, तेव्हा हातांवरचे पाणीसुद्धा धड वाळले नव्हते.

ती स्त्री विंगेतून पुढे आली होती. आता ती मुलीच्या अगदी लगत उभी होती, अजून पाठमोरीच, परंतु मान थोडी वळलेली. कान दिसत होता, कानातील बुगडी दिसत होती, आणि गालाची कड... एवढीच. मास्तरांनी वही दिव्याजवळ नेली. मग त्यांचे लक्ष वर्षाराणीकडे गेले. तिच्या चेहऱ्याची रेषा हनुवटीपर्यंत येऊन थांबली होती आणि खांद्यापासून पुन्हा सुरू झाली होती. मधे गळा नव्हता. तेथे कागद कोरा होता.

मास्तरांची रेषा अशी कधी तुटत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. अल्ताफ होता. "मास्तर, पोरीचा आवाज गेला. स्टँडवर पाण्याची बाटली मागाय गेली तर तोंडातनं नुसती हवा. तालमीपतूर चांगली बोलत हुती की."

"सर्दी असेल," मास्तर म्हणाले. त्यांनी वही मिटली. पुन्हा उघडली.

त्यांना सारे लख्ख समजले होते. पहिल्या चित्रात पाठ, दुसऱ्यात गालाची कड. आणखी एक चित्र काढले की चेहरा दिसणार. ओठांच्या कोपऱ्यासकट. त्याच्या बदल्यात मुलीचे काय जाणार, हेही वहीत दिसतच होते. गळा बसतो, चार दिवसांनी सुटतो, लोक हळदीचे दूध पितात, असे त्यांनी स्वतःला सांगून पाहिले. सोमवारी सांगितले, मंगळवारी सांगितले. बुधवारी त्यांनी पेन्सिलीला टोक केले.

गुरुवारी वर्षाराणी दारात उभी राहिली. पूर्णिमाबाईंची स्वरलिपीची वही तिला हवी होती. गळ्याला लोकरीचा मफलर, आणि बोलणे कसेबसे ऐकू येण्याइतके.

"काका... रविवारी माझं चित्र काढलंसा न्हवं? दाखवा की. मी कशी दिसतो बघू दे."

"नीट आले नाही."

"बाईंचं तर कधी काढलंच न्हाय म्हणं तुम्ही. बाई सांगायच्या... 'आमचे हे मला पाहतात, म्हणून काढत नाहीत.'" ती हसली, आणि हसू घशात अडकून तिला खोकला आला. डोळे पुसत ती म्हणाली, "माझं तरी काढा. म्हंजे मी बाईंच्या जागी उभी हुतो, ह्याला पुरावा ऱ्हाईल."

मास्तरांनी तिला स्वरलिपीची वही दिली. ती उंबऱ्याशी थबकली.

"काका, आवाज परत येईल न्हवं?"

"येईल," ते म्हणाले. आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना जाणवले की आपण हे वचन दिले आहे.

रविवारी रंगीत तालीम होती. मुलगी आली, राजकन्येचा शालू नेसली, पण कुणाशी बोलली नाही. होता नव्हता तो आवाज तिने राखून ठेवला होता. मास्तर सरळ विंगेत गेले आणि पेन्सिल अल्ताफच्या हातात ठेवली.

"ही आज तुझ्याजवळ राहू दे."

"का वं? आज शाळेला सुट्टी व्हय?"

"अल्ताफ, मी मागितली तरी देऊ नकोस."

अल्ताफने त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने पेन्सिल ऑर्गनच्या झाकणाखाली सरकवली.

मास्तर आपल्या जागी येऊन बसले. दिवे गेले. रंगमंचावर तेवढा पिवळा उजेड राहिला. पहिला अंक झाला, दुसरा झाला. मुलगी संवाद पुटपुटत होती आणि पदे सोडून देत होती. तिसऱ्या अंकात बागेश्रीचे सूर लागले. मास्तरांच्या उजव्या हाताचे पहिले बोट गुडघ्यावर हलू लागले. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. बोट तेथेही वळवळत होते... एखाद्या लहान जनावरासारखे. समोर काही तरी पाहण्यासारखे होते आणि ते त्यांना काढायचे नव्हते.

वर्षाराणीने डोळे मिटून पहिली ओळ घेतली. आवाज खरखरीत होता. दुसरी ओळ स्वच्छ आली. अंतऱ्याला ती चढत गेली आणि वरच्या षड्जावर जाऊन अशी उभी राहिली की सभागृहाचे छत थोडे वर सरकले असावे. अल्ताफ विंगेतून "वा, पोरी!" म्हणाला. पद संपले.

आणि त्या शांततेत मास्तरांच्या पाठीमागून कुणी तरी म्हणाले, "वन्समोअर."

बाईचा आवाज. मोठा नव्हे, आर्जवीही नव्हे; शिष्याकडून पाठ पुन्हा एकदा म्हणवून घ्यावा, तसा. मंडळात तालमीला कुणी वन्समोअर देत नाही. ते प्रेक्षकांचे देणे आहे आणि तालमीला प्रेक्षक नसतो. वर्षाराणीने डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहण्याचा प्रयत्न केला. तिला काही दिसले की नाही कोण जाणे. पण तिचा चेहरा उजळला, तिने वाकून नमस्कार केला आणि पद पुन्हा सुरू केले. ऑर्गनचा एक श्वास चुकला. अल्ताफने मान वर केली नाही. त्याचे पाय मात्र पुन्हा भात्यावर चालू लागले.

मास्तरांच्या खांद्यामागून ज्येष्ठमधाचा वास आला. मग त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कुणी तरी अनामिकेने ठेका धरला. समेवर किंचित जोर, खालीच्या मात्रेला बोट अधांतरी. पूर्णिमाबाई असाच ठेका धरत.

केवळ मान वळवायची होती.

अकरा महिने ज्यासाठी काढले ते एका विताच्या अंतरावर होते. पेन्सिलीची गरज नव्हती, वहीची गरज नव्हती. पण या व्यवहाराचा नियम कागदापुरताच आहे की डोळ्यांनाही लागू आहे, हे त्यांना कोण सांगणार? समोर त्या मुलीचा गळा उजेडात थरथरत होता. अंतरा जवळ येत होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि नजर त्या गळ्यावर रोवली.

"पूर्णिमा," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, "तिचे होऊ दे."

ठेका एक मात्रा थांबला... आणि पुन्हा सुरू झाला.

षड्ज लागला. पहिल्याहून सुंदर लागला. ती ओळ पूर्ण झाली, तिहाई झाली, सम आली. शेवटचा स्वर विरेपर्यंत मास्तर हलले नाहीत. मग त्यांनी मान वळवली.

मागे कुणी नव्हते.

रंगमंचावर दिवे लागले. मुलगी हसत होती, मोठ्या आवाजात कुणाला तरी हाक मारत होती. अल्ताफ विंगेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर," तो हलकेच म्हणाला, "च्या सांगितलाय... बाहीर चला. आत नका बसू आता."

मास्तर उठले नाहीत. सभागृहातील खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन पाठीला चिकटते. साऱ्या रांगा तशा मिटलेल्या होत्या. फक्त त्यांच्या मागच्या रांगेत लागोपाठच्या दोन बैठका खाली होत्या. ते पाहत असतानाच त्यांतील एक सावकाश कुरकुरत वर गेली आणि मिटली.

दुसरी गेली नाही. गर्दीच्या प्रयोगाला मागाहून येणाऱ्या माणसासाठी शेजाऱ्याने हात टेकवून जागा धरावी, तशी ती खालीच राहिली. बैठकीवरच्या जुन्या मखमलीत चार बोटांचा खळगा पडला होता, आणि मास्तर पाहत होते तोपर्यंत तो भरून आला नाही.