आठाचे दोन

लिफ्ट बंद पडली होती, आणि वरच्या दवाखान्यात निघालेली ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवरच बसून राहिली होती. कमरेचं दुखणं चार वर्षांचं. वाकून वाकून पुस्तकांची बांधणी करताना जडलं, ते हात धुऊन मागेच लागलं.

"रस्ता अडवून आंदोलन चाललंय का?" धापा टाकत वर येणाऱ्या तरुणाने विचारलं.

"मागण्या मान्य झाल्या की उठते," ती म्हणाली.

तो हसला आणि चक्क शेजारी टेकला. त्याच दवाखान्यातला फिजिओथेरपिस्ट निघाला तो! निम्मी तपासणी पायरीवरच झाली. मग त्याने तिच्या फोनवर दवाखान्याचं अ‍ॅप टाकून दिलं. ते रोज सकाळी विचारणार, आज किती दुखतंय? शून्य ते दहा.

"खरं सांगायचं हं. त्यावरच व्यायाम ठरतो, गोळ्या ठरतात."

पहिले काही आठवडे तिने प्रामाणिकपणे आठ भरले. त्याचा रोज निरोप यायचा. "व्यायाम केलात, की नुसता व्हिडिओ बघितलात?"

"बघूनच घाम फुटला. तेवढा मोजा ना!"

निरोप यायला उशीर झाला, की तिचं कशात लक्ष लागायचं नाही. एकदा तिने विचारूनच टाकलं, "कॉफीला येता?"

तो गडबडला. "पेशंटबरोबर... नाही चालत. नियम आहे." मग हळूच म्हणाला, "सलग तीन आठवडे आकडा दोनच्या वर गेला नाही, तर फाइल बंद होते. मग मी कोणी नाही तुमचा."

"मग कोणीतरी व्हाल की..."

त्याने ते थट्टेत म्हटलं होतं. तिने मात्र मनावर घेतलं. आठाचे सहा झाले, सहाचे चार, आणि मग रोज दोन. कंबर ठणकत असायची आणि बोट दोनवर. टेबलाशी ओठ दाबून ती पानांचे गठ्ठे शिवत राहायची. त्याच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. "कमाल केलीत!" त्याने लिहिलं, आणि ती दिवसभर हवेत होती. वेडेपणाच होता तो, पण तेव्हा तिला शहाणपण सांगणार कोण!

फाइल बंद झाली. त्याच संध्याकाळी कॉफी.

"साखर किती... घेतेस?"

त्या 'तू'ने ती मोहरून गेली. तास कसा गेला, कळलं नाही. निघायची वेळ झाली आणि तिला उठताच येईना. टेबलाची कड धरलेली बोटं पांढरीफटक पडली.

"काय होतंय?"

"काही नाही, पायाला मुंग्या..."

त्याची नजर तिच्या बोटांवर होती. "किती?"

"दोन."

"खरं सांग. किती?"

तिचे डोळे भरून आले. "आठ. कधी कधी नऊ."

तो परत खुर्चीत बसला. "आणि मी तुझ्या गोळ्या कमी करायला लावल्या!"

"तुझ्यासाठी केलं रे."

"तेच तर. मला आवडतेस तू. पायरीवर बसली होतीस ना, तेव्हापासून. पण मी समोर असलो, की तू दोनच सांगणार. जन्मभर. आणि मी विश्वास ठेवत बसणार."

'खोटं नाही सांगणार पुन्हा,' असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात त्याने उठवायला हात दिला. "जमतंय?"

"हो, आता बरंय," ती पटकन म्हणून गेली.

त्याने तिला घरापर्यंत सोडलं, सावकाश जिना चढवला आणि दारातूनच परतला.

सकाळी अ‍ॅपने पुन्हा विचारलं. म्हणजे रातोरात त्याने फाइल उघडली होती! तिने नऊ भरले. फोन वाजला, तो त्याचाच असणार म्हणून तिने लगेच उचलला. आवाज एका बाईंचा होता.

"मी इथली दुसरी फिजिओ. तुमची फाइल त्यांनी माझ्याकडे दिलीय. बोला, कसं आहे?"

"दुखतंय," ती म्हणाली, "खूप दुखतंय हो..." आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणाजवळ तरी हमसून हमसून रडली.

मग तिने कमरेचं सगळं सांगितलं. त्याच्याबद्दल काही विचारलं नाही.