टेबलाखालच्या चपला

सकाळचं पहिलं पाऊल टेकवलं की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. डाव्या टाचेत खिळा ठोकून ठेवल्यासारखी कळ. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत ती तशीच जायची. टप्, घस्स. टप्, घस्स. त्या आवाजावर नवरा उठायचा. "आम्हाला गजर कशाला हवाय?" असं वर म्हणायचा. पण संध्याकाळी टीव्हीपुढे बसून तिची टाच मांडीवर घेऊन तेल चोळायचा, तोही हाच.

लॉन्ड्रीत उभ्यानं इस्त्री करता करता तिचं तारुण्य वाफेत विरून गेलं होतं. व्यायाम झाले, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तळव्याचा पट्टा ताठलाय. बारीकशा छिद्रातून दुर्बीण घालून जरा सैल करू. एका टाक्याचं काम, त्याच दिवशी घरी."

तिला टाक्याची भीती नव्हती, लॉन्ड्रीतल्या आपल्या टेबलाची होती. रिकामं टेबल मालक लगेच दुसरीला द्यायचा. पण तिथल्या बायकांचा आपसातला एक नेम होता: जिच्या चपला टेबलाखाली, तिचं टेबल. मालकही तो मोडत नसे. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं आपल्या झिजलेल्या चपला टेबलाखाली ठेवल्या आणि नव्या घालून घरी आली.

ऑपरेशन झालं. तिच्या पायाला धक्का नको म्हणून नवरा बाहेरच्या खोलीत झोपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथूनच ओरडला, "अगं, पाय टेकवू नको सांगितलंय ना? उठलीस कशाला?"

"मी कुठे उठले?" ती पलंगावरून म्हणाली.

तो दारात आला. तिच्या पट्टीकडे बघत राहिला. "मग मला जाग कशानं आली?"

पुढच्या सकाळी तिनंही ऐकलं. टप्, घस्स. पलंगाच्या कडेपासून निघालं, ओट्यापाशी रेंगाळलं, जिना उतरून गेलं. कामाला उशीर झालेल्या बाईची ती चाल होती.

दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा फोन आला. "बये, तुझ्यापुढे हात टेकले! असला पाय घेऊन कामावर येतेस, आणि बोलत कशी नाहीस गं कुणाशी? मालक मात्र खूश आहे हो."

नाही म्हणावं, तर टेबल जाईल. आणि दिवसा पाठ अंथरुणाला टेकून किती वर्षं झाली होती! उशी मऊ होती, पडदा ओढलेला होता, अंग शिशासारखं जड झालं होतं.

"येते आपली तशीच," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

टाका निघाला. कळ गेली. पाऊल कापसावर पडावं तसं पडू लागलं. "आलीस कधी?" नवरा दचकून म्हणायचा. "मांजर झालीयेस हल्ली!" सकाळी मात्र तो त्या दुसऱ्याच आवाजावर उठायचा. आता विचारतही नसे.

ती कामावर गेली. टेबलाखाली चपला नव्हत्या.

इस्त्री तापलेली होती. अर्धा झालेला सदरा पसरलेला होता, कॉलर दुमडलेली, फक्त तीच दुमडायची तशी. तिनं मैत्रिणीला हाक मारली. पुन्हा मारली.

वाफेतून कुणी मान वर केली नाही.

संध्याकाळी ती घरी परतली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. नवरा पलंगावर बसला होता, शेजारी तेलाची वाटी. त्याच्या मांडीवर, चादरीतून बाहेर आलेली एक टाच होती.

पलंगाखाली झिजलेल्या चपला.

"आज फार दमलीस ना गं?" टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला. "केवढी गार पडलीये टाच."

"अहो," ती दारातून म्हणाली.

त्यानं टाचेवर अंगठा दाबला. चादर हलकेच सुस्कारली.

तिनं एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं, मुद्दाम टाच आपटून.

फरशी वाजली नाही.